तोफगाड्यावर कुणी बसेना

ती. दिग्विजयसिंह मामांस,

परवा संध्याकाळी आरतीनंतर भालचंद्रकाकांनी भर हॉलमध्ये माइक हातात घेऊन "मग पालखीत कोण बसतंय?" असं विचारलं, आणि त्या क्षणी माझ्या आयुष्यात जे काही थोडंफार सरळ चाललेलं होतं ते सगळं उताणं पडलं. पण हे मी पत्राच्या तोंडालाच लिहून बसलो आणि नमस्कार राहिला. आईने खांद्यावरून वाचलं तर म्हणेल, याला कशाचीच रीत नाही. तर शिरसाष्टांग नमस्कार. मामींनाही. तुमचा गुडघा कसा आहे? शेतातल्या बांधावरून उड्या मारणं बंद करा. तुमच्या दोन्ही बैलांना (ज्यांना मामी 'माझे दीर' म्हणतात) माझ्यातर्फे थोपटा. इकडे ग्वाल्हेरला सगळे खुशाल. आजोबांचा रक्तदाब उत्तम आहे; दुसऱ्यांचा वाढवला की त्यांचा आपोआप खाली येतो. आई बरी आहे. ती माझ्याशी बोलत नाही, पण वाढताना भाजीचा डाव ज्या आवाजात ताटात आपटते त्यावरून प्रकृती ठणठणीत असावी.

पत्र का, फोन का नाही, असं विचाराल. तुमचा फोन मामींच्या भजनी मंडळाकडे असतो. मागे मी तुम्हाला मनातलं म्हणून एक लांब मेसेज पाठवला, तर दुसऱ्या दिवशी देवासच्या तमाम बायकांनी मला 'धीर धर बाळा' म्हणून हात जोडलेली चित्रं पाठवली. त्यापेक्षा इंदूरच्या बसचा कंडक्टर बरा. तो पाकीट फोडत नाही, फक्त दिव्यासमोर धरून बघतो.

आता अश्लेषा. ती कोण हे तुम्हाला ठाऊक नाही असं समजून लिहितो. (आईने सांगितलं असणारच, पण आईच्या तोंडची अश्लेषा आणि खरी अश्लेषा या दोन वेगवेगळ्या मुली आहेत.) ती भालचंद्रकाकांची मुलगी, राहते दर्पण कॉलनीत, बी.एड. करते. भालचंद्रकाका म्हणजे आपल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष. ते निवृत्त झाले ते फक्त नोकरीतून. अध्यक्षपदावरून त्यांना कोण उठवणार? त्यांचे पूर्वज दरबारात लिखापढी करायचे, आपले तलवार घेऊन उभे असायचे, आणि या गोष्टीला इतकी वर्षं उलटली तरी मंडळाच्या हॉलमध्ये खुर्च्या अजून त्याच हिशोबाने मांडतात. त्यांच्यातले पुढे बसतात कारण त्यांना ऐकायचं असतं. आपल्यातले मागे बसतात कारण आपल्याला मधेच उठून जायचं असतं.

मधेच उठून जाण्यात माझा हात कुणी धरू शकत नाही, हे तुम्ही जाणताच. दोन वर्षांमागे मंडळाच्या नाटकात मला दरवानाचं काम होतं, म्हणजे दार उघडायचं, मुजरा करायचा, दार लावायचं. दिग्दर्शक मला म्हणाला, मुजऱ्यात नम्रता आण. मी म्हटलं, नम्रता तू आण, मी चाललो. आणि भर दुसऱ्या अंकात स्टेजवरचं दार असं आपटलं की राजवाड्याची अख्खी भिंत प्रधानजींच्या अंगावर आली. सगळे बोंबलत होते. विंगेत प्रॉम्प्टिंगची वही घेऊन उभी असलेली एकच मुलगी पोट धरून हसत होती. मामा, तेव्हापासून माझी झोप गेली ती गेलीच. (त्याच साली कॉलेजही गेलं. आई या दोन गोष्टी एकमेकींना जोडते. मी जोडत नाही. तो एचओडी मुळातच उर्मट होता.)

तर या उन्हाळ्यात मी हिंमत करून तिला विचारलं. ती हसली नाही. म्हणाली, "सौरव, एक गोष्ट कर. फक्त एक. कॉलेज सोडलंस, तबला सोडलास, नाटक तर दुसऱ्या अंकात सोडलंस. कुठलीही एक गोष्ट शेवटपर्यंत ने, सगळ्यांच्या समोर. मग मी बाबांशी बोलते. नाही तर मी स्वतःला काय सांगू, की हा मला कुठल्या अंकात सोडणार आहे?" यावर मला आधी राग आला, मग रडू आलं, मग पुन्हा राग आला, आणि त्या रागाच्या भरात मी गेम बनवायला बसलो.

गेम म्हणजे जुन्या धाटणीचा, ठोकळ्याठोकळ्यांच्या चित्रांचा, जसा तुम्ही तरुणपणी इंदूरच्या पार्लरमध्ये कॉलेज बुडवून खेळायचात. (आजोबांनी सांगितलंय.) पडद्यावरचं चित्र सरकत राहतं, आपण पुढे पुढे जात राहतो, समोरून जे येईल ते उडवायचं. थांबता येत नाही, मागे वळता येत नाही, रुसून बाहेर जाता येत नाही. अश्लेषा म्हणाली, तुझ्यासाठी औषध आहे हे. नई सडकेवर एक जण बंद पडलेल्या पार्लरचं सामान विकतो, त्याच्याकडून दोन दांड्यांचा जुना लाकडी खोकाही आणला. एक दांडी जरा उजवीकडे ओढते, पण काम चालतं.

गोष्ट अशी की आपले पूर्वज दख्खनमधून निघालेत आणि वाटेतल्या संकटांना तोंड देत ग्वाल्हेरला पोचतात. वाहनं दोन. एक तोफगाडा: बैलजोडी ओढते, जमिनीवरून जातो, हळू चालतो, वळायला जड, पण तोफ आभाळाकडे फिरते आणि एका गोळ्यात दहा शत्रू गार. दुसरी पालखी: हवेतून जाते, चपळ, आतून अत्तराचे फवारे मारते, पण नाजूक इतकी की एक डंख बसला की खाली कोसळते. तेव्हा तोफगाड्याने वेळेत खाली पोचून तिला झेलायचं, की ती पुन्हा वर. दोघांनी मिळूनच खेळायचं, आणि दोघांनी दोन वेगळी वाहनं घ्यायची; एकच घेतलं तर गेम सुरूच होत नाही. ही अट मी मुद्दाम घातली. मला वाटलं, काय सुंदर कल्पना आहे! एक वर, एक खाली, एकमेकांना सांभाळत शेवटपर्यंत. याहून साफ शब्दांत एखाद्या मुलीला काय सांगणार? आणि मामा, मंडळाने चक्क होकार दिला. यंदाच्या गणपतीत मोठ्या पडद्यावर गेम, रोज आरतीनंतर. अश्लेषाला म्हटलं, अब बोलो. ती म्हणाली, शेवटचा टप्पा पार झाला की बोलेन.

मग कमिटी बसली. पहिला प्रश्न, शत्रू कोण? मी राजपूत काढले होते. पण मंडळाचा केटरर राजपूत आहे. मोगल ठेवले तर वस्तीत उगाच गैरसमज. इंग्रज ठेवा म्हटलं, तर पुढच्या रांगेतले एक काका खोकले आणि मागच्या रांगेतले एक काका छताकडे बघायला लागले, कारण इंग्रज आले की सत्तावन साल येतं, आणि त्या साली कुणाचे पणजोबा कुठल्या बाजूला उभे होते हा विषय प्रसादाच्या रांगेत कुणालाच नकोय. शेवटी शत्रू म्हणून डास ठेवले. डासांचा वंशज मंडळात कुणी नाही. आणि सगळ्यांत शेवटचा राक्षस म्हणून मी एक अवाढव्य कूलर काढला, ज्याच्या टाकीतल्या साचलेल्या पाण्यातून डासांच्या फौजा निघतात. यावर मात्र सर्वांचं एकमत झालं. ग्वाल्हेरमध्ये कूलर सगळ्यांनीच भोगलाय. नंतर वाटेत चंबळ हवी म्हणाले. मी सांगितलं की चंबळ आपल्याही पलीकडे, उत्तरेला आहे, दख्खनवरून येताना ती लागत नाही. म्हणाले, लागत नसली तरी दाखव, शोभा येते. दाखवली.

आणि मग भालचंद्रकाकांनी पालखीकडे बोट दाखवून विचारलं, हे खाली पाय हलवणारे चौघं कोण? म्हटलं, काका, भोई. पालखी उचलणारे. ते म्हणाले, काढून टाक, गर्दी दिसते. मी काढले. (तेव्हा मी काही बोललो नाही. ती एक वेळ गप्प बसलो, तिचंच व्याज पुढे फेडलं.)

आता परवाची संध्याकाळ. हॉल तुडुंब. पडद्यावर नर्मदा चमकतेय, संगीत वाजतंय, पहिल्या लाटेतले डास पंख फडफडवत थांबलेत. काकांनी तो प्रश्न विचारला आणि मामा, हॉलमधले सगळे हात वर गेले. सगळे! ज्यांना सोफ्यावरून उठायला आधार लागतो त्यांचेसुद्धा. पहिला मान पाहुण्याला म्हणून काकांनी पुण्याहून आलेल्या गुरुप्रसादला बोलावलं. (हा गुरुप्रसाद अश्लेषासाठी आणलेलं स्थळ आहे. मोठ्या कंपनीत आहे. मी 'मी येऊन जातो' म्हटलं तर म्हणतो, 'येऊन जातो नाही, जाऊन येतो.' मी त्याला अजून मारलेलं नाही याची घरात कुणी दखल घेत नाही.) जोडीदार म्हणून सगळ्यांत वयस्कर, अर्थात आपले सूर्याजी आजोबा. गुरुप्रसादने पालखी घेतली. आजोबांनी पालखी घेतली. गेमने टूं करून सांगितलं, 'दुसरे वाहन निवडा'. गुरुप्रसादने पुन्हा पालखी घेतली. आजोबांनी दांडीवर मूठ आवळून पुन्हा पालखी घेतली. टूं.

इथे माझं डोकं चालायला हवं होतं, आणि ते मला महिनोन्‌महिने आधी चालायला हवं होतं. ज्या समाजात लोक आजही लग्नपत्रिकेत नावाखाली 'पालखीचे मानकरी' छापतात, तिथे मी असा गेम आणला की ज्यात निम्म्यांनी बैल हाकलेच पाहिजेत! आजोबांनी माइक मागून घेतला. म्हणाले, आमच्या घराण्याला दोन पालख्यांचा मान होता, तोफगाडे आमच्याकडे नोकर हाकायचे. काका दुसऱ्या माइकवरून म्हणाले की सूर्याजीराव, तुमच्याकडे तलवारीचा मान, त्याबद्दल आदरच आहे, पण पालखी ही लेखणीवाल्यांना मिळायची, हे आपल्या सगळ्या लश्कर वस्तीला माहीत आहे. आजोबा म्हणाले, लेखणीवाल्यांना पालखी लागायचीच, पायी चालायला दम कुठे होता? मग जे उठले ते उठलेच. कुणाच्या पालखीला चांदीची दांडी, कुणाच्या पालखीपुढे मशाली, कुणाची पालखी तर इतकी मोठी की आत जेवणाची पंगत बसायची. एकाने तोडगा काढला की तोफगाडा केटररच्या माणसांना द्यावा. गुरुप्रसाद खुर्चीवर मागे रेलून म्हणाला की मूळ आराखड्यातच दोष आहे, दोन्ही बाजूंना पालखीच द्यायला हवी होती. आणि काकांनी माइकवरून, सगळ्यांसमोर, निकाल दिला: सौरव, उद्यापर्यंत तोफगाडा काढून टाक आणि दोन पालख्या कर. तोफगाड्याची गरजच काय?

मामा, पडद्यावरचे डास अजून पंख फडफडवत ताटकळत होते, मोदक संपत आले होते, आणि अश्लेषा मागच्या खांबाला टेकून माझ्याकडे बघत होती. मी गप्प बसायला हवं होतं. बसलो नाही. खुर्चीवर चढून ओरडलो, की सगळेच्या सगळे जर पालखीत बसून आले, तर उचलून आणलं कुणी? दख्खनपासून ग्वाल्हेरपर्यंत पालख्या आपल्याआप उडत आल्या?

हॉलमधल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, लागलं वर्मी. तेवढ्यात आजोबा माइक न घेता, अगदी सहज म्हणाले, "उडत्या पालख्या तर पोरा तूच काढल्या आहेस."

हॉल फुटला. जे दोन गट एकमेकांच्या नरडीला लागले होते ते एकमेकांच्या पाठीवर थापा मारून हसायला लागले. मी खोक्याची वायर उपटली, चालत गेलो आणि हॉलचं दार आपटलं. यंदाच्या देखाव्यात थर्माकोलचा किल्ला आहे, नव्हे, होता. त्याचा एक बुरूज उंदरावर पडला. (गणपती सुखरूप आहेत.) पायऱ्यांवर अश्लेषा मागून आली. मला वाटलं, समजूत घालायला आली. तिने फक्त दोन शब्द उच्चारले: "दुसरा अंक." आणि आत निघून गेली.

कालचा दिवस मी पलंगावर पालथा पडून काढला. या समाजाची मला किळस आली आहे. ज्यांच्या घरी आज स्कूटी चालू व्हायला धक्का लागतो ते मेलेल्या पालख्यांवरून भांडतात. ह्यांच्यात मी एक क्षणही बसणार नाही, मी या असल्या खोट्या मानापानाच्या पार पलीकडे गेलो आहे, आणि हे तुम्हीच समजू शकाल म्हणून इतकं लांब लिहिलं. मामींना पुन्हा नमस्कार. औषधं वेळेवर घ्या.

आपला भाचा,
सौरव

ता. क. खरं काम सांगायचं राहिलं. मंडळाने अजून एक संधी दिली आहे. काकांनी नव्हे, त्यांच्या बायकोने, इंदुकाकूंनी. त्या म्हणाल्या, पोराने सगळा उन्हाळा घातलाय, रविवारी विसर्जनाआधी एकदा होऊन जाऊ दे. तर मामा, तुम्ही शनिवारी या आणि तोफगाड्यावर बसा. तुमच्याशिवाय सगळ्या गोतावळ्यात दुसरा माणूस नाही. तुमच्या रुचिकाच्या लग्नात व्याह्यांनी घराणं विचारलं तेव्हा तुम्ही भर पंगतीत म्हणाला होतात, आमचे पूर्वज फौजेचे बैल राखायचे, आणि अजून एक जिलेबी वाढा. आजोबा त्या दिवशी जेवले नव्हते. त्या दिवसापासून तुम्ही माझे आदर्श आहात. पालखीत कुणीही बसो, गुरुप्रसाद का असेना.

ता. क. दुसरा. वरचं लिहून पाकीट चिकटवणार तोच अश्लेषा घरी आली. आईने तिला चहा दिला आणि मला नाही. तुम्हाला बोलावतोय म्हटलं तर म्हणाली की मामांना कशाला त्रास, रविवारची वाट तरी कशाला, आज संध्याकाळी आरतीनंतर आपण दोघंच खेळू, सगळ्यांच्या समोर. मग म्हणाली, "मी पालखी घेते. तू तोफगाडा." आणि मामा, कसं ते देव जाणे, पण माझ्याच तोंडून, मोठ्याने निघालं: "मी का तोफगाडा? आमच्या घराण्याला दोन पालख्यांचा मान होता!"

शेजारच्या खोलीतून आजोबा चष्मा न घालताच धावत आले आणि मला मिठी मारून म्हणाले, शाब्बास. अख्ख्या हयातीत त्यांनी मला पहिल्यांदा शाब्बास म्हटलं. तेव्हाच मला कळलं मी काय बोलून बसलो ते.

अश्लेषा चिडली नाही. कपातला चहा शांतपणे संपवून म्हणाली, "मला माहीत होतं. पालखीच्या झालरीवर उन्हाळाभर बसलास, एकेक गोंडा रंगवलास. आणि बैल बघ. एकच काढलाय, दुसरा त्याचीच नक्कल करून चिकटवलास. शिंग पण त्याच बाजूला वाकलंय." मग चप्पल घालताना म्हणाली, "मी आरतीनंतर तिथे असेन. तू ये नाही तर नको येऊ, पण अर्ध्यात यायचं नाही." गेली.

ता. क. तिसरा. दुसरा बैल नव्याने काढला. तुमच्या धाकट्याचा फोटो समोर ठेवून. त्याच्या कानाला जी चीर आहे तीसुद्धा काढली. भोई परत घातले. चौघंही. गर्दी दिसते, दिसू दे. तोफगाडा हाकायचा मात्र सराव नाही, कारण इतके महिने गेम तपासताना पालखीत मी बसायचो आणि तोफगाडा कॉम्प्युटरला हाकायला द्यायचो. तुम्हाला विचारणार होतो की बैल अडून बसले तर काय करता, पण मला आठवतंय. तुम्ही चाबूक टाकून खाली उतरता आणि त्यांच्या बाजूने चालत राहता.

तेव्हा तोफगाड्यासाठी येऊ नका. तरी शनिवारी याच, कारण कूलर पडला तर अश्लेषा भालचंद्रकाकांशी बोलणार आहे, आणि त्यानंतर आपल्याकडून कुणीतरी वडीलधारं त्यांच्या घरी जायला लागेल. आजोबांना पाठवलं तर ते दारातच पालखीवर सुरू होतील. तुम्ही जा. फेटा नको. बैलांचे फोटो न्या.

ता. क. शेवटचा. आरतीसाठी निघालो, तर मी दाराशी पोचायच्या आधीच आई स्वयंपाकघरातून ओरडली, "आपटू नकोस!" परवापासून ती माझ्याशी बोलली ते हे पहिलं वाक्य. तेव्हा हे मी बाहेरून, बंद दारावर कागद टेकवून लिहितोय, म्हणून अक्षर असं आलंय. दार जागेवर आहे.